कोडिंग क्लासच्या आधी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा

ताई, मुलगी सातवीत आहे, शाळेत ‘कम्प्युटेशनल थिंकिंग’ (म्हणजे प्रश्नाचे छोटे टप्पे पाडून पायरीपायरीने सोडवायची विचारपद्धत) सुरू झालंय, तर कोडिंगचा क्लास लावू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, इतक्यात नको. हा शब्द २००६ साली संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या लेखामुळे सगळीकडे पोचला (गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सेमूर पॅपर्टनी तो १९८० मध्येच वापरला होता), पण त्यासाठी कम्प्युटर लागतोच असं नाही.

मी शिक्षक. ३०० उत्तरपत्रिका नंबरवार लावणं हे माझं दरवर्षीचं दुखणं होतं. एकेक पेपर उचलायचा, लावलेल्या गठ्ठ्यात वरपासून जागा शोधत खुपसायचा. यात सरासरी साडेबावीस हजार वेळा नंबर ताडून बघावे लागतात. संध्याकाळ गेलीच.

मग एका सहकाऱ्याने युक्ती दाखवली. सतरंजीवर ० ते ९ अशा दहा जागा करायच्या. आधी फक्त एकक बघून पेपर वाटायचे, ढीग क्रमाने गोळा करायचे. मग फक्त दशक, मग शतक. तीन फेऱ्या, ९०० वेळा हात, आणि ताडून बघणं शून्य! २१४, ११३, २०५ घ्या. एककानंतर ११३, २१४, २०५. दशकानंतर २०५, ११३, २१४. शतकानंतर ११३, २०५, २१४. पंचकार्डांच्या (भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांच्या) जमान्यातली यंत्रं कार्डं अशीच लावायची, एका फेरीत एकच अंक. या रीतीचं नाव रेडिक्स सॉर्ट.

पहिल्या खेपेला माझा पार विचका झाला. पेपर सुलटे टाकत गेलो, त्यामुळे प्रत्येक ढिगातला क्रम उलटा झाला आणि आधीच्या फेरीची मेहनत पाण्यात. पेपर पालथा टाकायचा आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी अख्खा ढीग उलटवायचा. खरी गोम इथेच आहे. नवी फेरी जुन्या फेरीचा क्रम मोडत नाही, म्हणूनच ही रीत चालते.

मदतीला दोघं-तिघं असतील तर मात्र मी शतकापासूनच सुरुवात करतो. ढीग वाटून दिले की ज्याने त्याने आपापला लावावा. एकट्याने करायचं तर एककच बरं, दहा जागांत भागतं.

मुलीला तीन आकडी नंबरांच्या तीस चिठ्ठ्या करून द्या. नियम सांगा, पण पालथं टाकायचं सांगू नका. कुठे बिघडलं ते तिचं तिला शोधू दे.