सायबेरियातल्या आडगावात लिथुआनियाच्या लोकांच्या कबरी कशा काय?

हद्दपारीमुळे. लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघाच्या ताब्यात होता; स्टालिनच्या राजवटीने १४ जून १९४१ पासून तिथून सुमारे १७,००० माणसं उचलली. त्यांत शिक्षक, सरकारी नोकर, शेतकरी होते, आणि पोरंबाळंसुद्धा. पुरुषांना वेगळं काढून बहुतेकांना श्रमछावण्यांत धाडलं, बायकामुलांना दक्षिण सायबेरियातल्या अल्ताईकडे. १९४२ मध्ये त्यातल्याच काही हजार जणांना आणखी उत्तरेला, लाप्तेव्ह समुद्राकाठी नेलं, सरकारसाठी मासे पकडायला.

लेना नदीच्या मुखाशी त्रोफिमोव्स्क नावाचं बेट आहे. तिथे झाड नाही, धड घर नाही, आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. पहिल्याच हिवाळ्यात भूक, थंडी आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) माणसं पटापट गेली. जमीन बारमाही गोठलेली, त्यात खड्डा खणायचं बळ कुणात उरलेलं? प्रेतं रचून ठेवली आणि नंतर एकत्र पुरली. म्हणून तिथे 'अमक्याची कबर' शोधणं फार अवघड.

मे १९४८ मध्ये तर अवघ्या दोन दिवसांत सुमारे ४०,००० जणांना नेलं. ही मंडळी मुख्यतः क्रास्नोयार्स्क, इर्कुत्स्क भागातल्या जंगलतोडीच्या वस्त्यांवर गेली. तिथे मात्र लाकडी क्रूस लावलेल्या वेगळ्या कबरी सापडतात. वस्ती उठली, दफनभूमी रानात राहिली.

१९८०च्या दशकाच्या शेवटी अनेक कुटुंबांनी अस्थी मायदेशी आणल्या. २००६ पासून 'मिसिया सिबिरास' (म्हणजे 'मिशन सायबेरिया') मोहिमेतली लिथुआनियाची तरुण मुलं जाऊन उरलेल्या कबरी साफ करायची, नवे क्रूस उभारायची. २०१८ मध्ये रशियाने व्हिसा नाकारला, तेव्हा ती कझाकस्तानात गेली; हद्दपारांच्या कबरी तिथेही आहेतच.