घरी आणि ऑफिसात सतत धाकधूक वाटते, गोळ्या न घेता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पाठवलेला मेल चार-पाच वेळा परत उघडून वाचता, साहेबांनी "जरा येऊन जा" म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि घरी आल्यावर बायकोला "होईल ना गं सगळं नीट?" असं विचारत राहता. वाचताना थोडं हसू आलं, कारण पहिलं आणि तिसरं मी स्वतः कित्येक वर्षं केलंय. मी डॉक्टर नाही, हिशेबाच्या खात्यात काम करतो. तेव्हा हे सगळं अनुभवाचं बोलणं समजा.

माझ्या एका संध्याकाळची गोष्ट सांगतो. महिन्याचा तक्ता पाठवला आणि निघण्याआधी तो मेल परत उघडला, फाइल जोडलीय ना हे बघायला. मग ती त्याच महिन्याची आहे ना हे बघायला. मग प्रत कुणाकुणाला गेली ते बघायला. घरी पोचलो तर पायातले बूटही न काढता दारातच फोनवर पुन्हा तेच. रात्री अंथरुणावर आणखी एकदा. पुढे एका समुपदेशक बाईंनी मला विचारलं, "पाचव्यांदा बघितल्यावर पहिल्यापेक्षा जास्त खात्री पटली का?" खरं उत्तर होतं, नाही. उलट कमीच.

यावर एक प्रयोगही झालाय. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. बरेचदा तपासल्यावर लोकांना शेवटची तपासणी बऱ्यापैकी बरोबर आठवत होती, पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. म्हणजे 'एकदाच बघतो, म्हणजे सुटलो' हे गणितच उलटं आहे. बघितल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं आणि तेवढ्यात मन शिकतं की धोका खराच होता, बघितलं म्हणून वाचलो.

बायकोला विचारणं हीसुद्धा तपासणीच. माझ्या घरी तिचं "होईल नीट" अर्धा तास पुरायचं. मग आम्ही ठरवलं की असा प्रश्न आला की तिने फक्त "हा तुझा नेहमीचा प्रश्न आहे" एवढंच म्हणायचं, उत्तर द्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात मला तिचा भयंकर राग आला. तिलाही ते जड गेलं, कारण समजूत घालणं सोपं असतं. पण महिनाभरात विचारणंच कमी झालं. हे तिच्याशी आधी, शांत वेळेला बोलून ठरवा. ऐन घालमेलीत नाही.

मेलचं मी असं केलं: पाठवण्याआधी एकदाच, सावकाश, नाव, आकडा, जोडलेली फाइल. पुटपुटत वाचायचं. पाठवल्यावर दहा मिनिटं उघडायचं नाही. मग ती दहा मिनिटं अर्ध्या तासावर नेली. चुळबूळ होते, हात आपोआप फोनकडे जातो. होऊ द्या. ती वाढते, टेकते आणि आपली आपण उतरते. हे मला कुणी सांगून पटलं नसतं, घड्याळ समोर ठेवून बसल्यावर पटलं.

उरलेल्या चिंतांसाठी 'काळजीची वेळ' ठेवली. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची, बाकी वेळी आली की त्या वेळेवर ढकलायची. मी वहीत एक ओळ खरडून ठेवतो. संध्याकाळी वही उघडावी तर निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात. फक्त ही वेळ झोपेच्या तोंडावर ठेवू नका.

साहेबांच्या बोलावण्याचं सांगायचं तर श्वास सोडताना लांबवा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते. लोक 'दीर्घ श्वास' म्हणून भसाभस हवा आत ओढतात आणि वर चक्कर येते. त्याहून साधा उपाय म्हणजे निघताना विचारा, "कशाबद्दल आहे? सोबत काही आणू का?" मला हे विचारायला सुचायला पाच वर्षं लागली!

आणि दुपारची कॉफी. कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कपातलं अर्धं रात्री नऊला अंगात असतं. धडधडीचा थोडा दोष तिचाही असेल.

आता 'गोळ्या नकोत' हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय, ते मला पटलं नाही. एकदा डॉक्टरांना भेटा तरी. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी अशीच धडधड, असाच हातांना कंप असतो आणि ते रक्ततपासणीत कळतं. डॉक्टर 'जीएडी-७' नावाची, चिंता किती आहे हे मोजणारी सात प्रश्नांची यादीही देतील. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, एकूण गुण २१. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करून घ्यायला हवी. झोप, काम, जेवण यांवर परिणाम होत असेल तर गुणांची वाटही बघू नका. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी मदत मागा. आणि दुसऱ्या कुणाच्या डबीतली झोपेची गोळी मात्र कधीच नाही, तिची सवय लागते.

जाता जाता. मागे एकदा माझ्याकडून खरंच चुकीची फाइल गेली, आधीच्या महिन्याची. पाच मिनिटांत समोरून उत्तर आलं, "ही जुनी दिसतेय, नवीन पाठवाल का?" मी पाठवली, एका ओळीत माफी मागितली, विषय संपला. तो मेल मी पाठवण्याआधी तीनदा तपासला होता.