पात्राला कुठून कळलं?

प्रश्न : आम्ही चौघे जीटीए फाइव्ह या व्हिडिओ गेमच्या रोलप्ले सर्व्हरवर खेळतो, जिथे प्रत्येक जण एक पात्र बनून वावरतो. सोबत डिस्कॉर्ड या अ‍ॅपवर बोलतो, म्हणून अ‍ॅडमिनने मेटागेमिंगचा, म्हणजे खेळाबाहेरची माहिती खेळात वापरल्याचा, ठपका ठेवला. चुकलं काय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या पात्राने जे पाहिलं-ऐकलं नाही, ते त्याला ठाऊक नसतं. गेममधल्या पोलिसांनी धरलेला मित्र डिस्कॉर्डवर म्हणाला, ‘बँकेपाशी ये’, आणि तुम्ही गाडी वळवली, की मेटागेमिंग झालं. पोलीस झालेल्या खेळाडूने त्या मित्राचा गेममधला फोन, रेडिओ काढून घेतला होता; ती सगळी मेहनत वाया गेली. हा अन्यायच आहे. म्हणून खेळताना व्हॉइस चॅनल बंद ठेवा, गेममधला फोन-रेडिओ वापरा. डोक्यावरचं नाव वाचून अनोळख्याला हाक मारू नका, आधी ओळख होऊ द्या.

दुसऱ्याचं स्ट्रीम, म्हणजे त्याच्या खेळाचं थेट प्रक्षेपण, खेळताना उघडूच नका. स्वतः स्ट्रीम करत असाल तर ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये डिले लावा, म्हणजे प्रेक्षकांना खेळ उशिरा दिसेल. मात्र तिथे आधीपासून असलेले 20 सेकंद पुरत नाहीत, कारण लपण्याची जागा मिनिटभराने कळली तरी पाठलाग करणाऱ्याचं काम होतं. गेममधल्या रेडिओची फ्रिक्वेन्सी प्रेक्षकांना दिसू नये म्हणून पडद्यावर झाका.

चुकून काही कळलंच, तर पात्राचा आधीचा बेत तसाच चालू ठेवा आणि अ‍ॅडमिनला तिकीट (सर्व्हरवरची लेखी नोंद) टाकून कळवा.