वाचकांचे प्रश्न : रेशनचे माप आणि ग्रामसभेचा ठराव

प्रश्न : रेशन दुकानात धान्य कमी मिळते म्हणून आमच्या बचत गटाने तहसील कचेरीत दोनदा निवेदन दिले. ‘चौकशी करतो’ म्हणाले, पुढे काही नाही. आता काय करावे? (बचत गटाच्या सदस्या, नाशिक जिल्हा)

उत्तर : ‘धान्य कमी मिळते’ एवढ्यावर चौकशी होत नाही, निवेदन फाईलला लागते. किती कमी, कोणत्या कार्डावर, कोणत्या महिन्यात ते लिहा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे पाच माणसांच्या कार्डावर २५. अंत्योदय कार्डाला माणसे कितीही असोत, ३५ किलो.

वहीत चार रकाने आखा : कार्डावरची माणसे, देय धान्य, पॉस मशीनच्या (दुकानातले अंगठा लावायचे यंत्र) पावतीवरचा आकडा, प्रत्यक्ष वजन. वीस-पंचवीस कार्डे, सलग दोन महिने. वजन दुकानातून निघाल्या निघाल्या, जवळच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा, रिकामी पिशवी आधी तोलून वजा करा. दोन दिवसांनी घरी तोललेले धान्य दाखवले तर ‘मधे दळायला नेले असेल’ हे उत्तर ठरलेले.

फरक कुठे पडतो ते पाहा. पावतीवर २५ आणि काट्यावर २२, तर जाब दुकानदाराला. देय २५ आणि पावतीवरच २०, तर बहुधा कार्डावरचे एक नाव मशीनमध्ये नाही; ते काम तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेचे. दोन्ही तक्रारी एकाच अर्जात घातल्या की दुकानदार आणि कचेरी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. आणि अंगठा लावल्यावर पावती मागून घ्याच. तिच्याशिवाय तिसरा रकाना कोरा राहतो.

मग ही वही ग्रामसभेत न्या. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. विषय तिथे मंजूर करून घेतला की ग्रामसभेत डावलणे अवघड होते. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. ठराव मोघम नको. ‘दुकानाचे सामाजिक अंकेक्षण करावे, साठ्याचा फलक बाहेर लावावा, प्रत्येक कार्डधारकाला पावती द्यावी’ असा हवा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम २८ प्रमाणे हे अंकेक्षण, म्हणजे दुकानाच्या कारभाराची लोकांसमोर तपासणी, स्थानिक संस्थेचे (इथे ग्रामपंचायतीचे) काम आहे, ते कलम ठरावात लिहा. ठराव त्याच बैठकीत प्रोसिडिंगला (सभेच्या नोंदवहीत) घ्यायला लावा. ‘नंतर लिहितो’ म्हटलेला ठराव बऱ्याचदा वेगळाच लिहिला जातो. सहीशिक्क्याची नक्कल घेऊन ती वहीच्या प्रतीसह तहसीलदार आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते.

प्रश्न : आमच्या दुकानाच्या दक्षता समितीत कोण आहे तेच कुणाला माहीत नाही.

उत्तर : दुकानाच्या कारभारावर लक्ष ठेवणारी ही समिती. माहिती अधिकारात सदस्यांची यादी आणि गेल्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्ते मागा, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९ नुसार समितीत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, निराधार किंवा अपंग व्यक्तींना स्थान हवे. बैठकच झाली नसेल तर तसे लेखी उत्तर येऊ द्या, त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न : आरोग्य केंद्राबाबत असे काही करता येते का?

उत्तर : येते, आणि महाराष्ट्रात झालेले आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच आरोग्यसेवांवर लक्ष ठेवणे, सुरू झाली तेव्हा राज्यातले अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले होते. गावकरी सेवांचे प्रगतिपत्रक भरायचे, बरे असेल तर हिरवा, मध्यम तर पिवळा, वाईट तर लाल रंग, आणि जनसुनवाईत, म्हणजे गाऱ्हाण्यांच्या जाहीर सभेत, अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. तुमच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडून असे पत्रक भरून घ्या. जनसुनवाईत वीस गाऱ्हाणी नेऊ नका, तीनच न्या, आणि प्रत्येकाला ‘कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत’ हे अधिकाऱ्याकडून तिथल्या तिथे लिहून घ्या.