एटसीडी सांभाळणं हे ऑपरेटरचं काम आहे का?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीई कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आयटी पार्कातल्या एका कंपनीत इंटर्नशिप करते. तिथे तिला कुबरनेटिस क्लस्टरच्या (अनेक सर्व्हर एकत्र जोडून त्यांवर ॲप्लिकेशन चालवणाऱ्या यंत्रणेच्या) एटसीडी डेटाबेसचं काम दिलंय. वडील विचारतात: मैत्रिणी ॲप बनवतात आणि ही दिवसभर काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करते, हे ऑपरेटरचं काम तर नव्हे? सीताबर्डीतल्या एका क्लासची फी भरावी का? आणि यात रात्रपाळी लागते म्हणतात, ते खरं का?

नमस्कार.

हे ऑपरेटरचं काम नाही. कुठलं ॲप्लिकेशन चालवायचं, त्याच्या किती प्रती ठेवायच्या, सेटिंग काय, पासवर्ड काय, ही क्लस्टरची सगळी नोंद एटसीडीत असते. बाकीचे सर्व्हर बिघडले तर नवे लावता येतात. ही नोंद गेली आणि बॅकअप नसला, तर क्लस्टर पहिल्यापासून उभा करावा लागतो. इंटर्नला अशा जागी हात लावू दिलाय, यात कंपनीचा तिच्यावरचा भरवसा दिसतो.

मात्र ती त्यातलं नेमकं काय शिकते, ते बघा. एटसीडीसीटीएल या कमांडनं रोज स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या नोंदीची प्रत, सेव्ह करणं एका दिवसात येतं, आणि उद्या तेच काम क्रॉनजॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) करील. नोकरी मिळते ती रिस्टोअर, म्हणजे त्या प्रतीतून नोंद परत आणणं, येतं म्हणून. तिला एवढंच विचारा: घेतलेल्या स्नॅपशॉटमधून क्लस्टर परत उभा करून पाहिलास का?

रिस्टोअरमध्ये माणसं ठरावीक ठिकाणी अडकतात. जुन्या व्हिडिओंत रिस्टोअर एटसीडीसीटीएलनं करतात, ३.६ आवृत्तीत ती कमांड तिथून काढली आहे, आता ते एटसीडीयूटीएल या दुसऱ्या कमांडनं करायचं. डेटा डिरेक्टरी नवीन द्यावी लागते. जुनीच दिली तर टूल नकार देतं, आणि घाईत लोक जुनी डिरेक्टरी उडवून मोकळे होतात. ती कधीच उडवू नये, नाव बदलून बाजूला ठेवावी. तीन मेंबरचा, म्हणजे एटसीडीच्या तीन प्रती मिळून चालणारा, क्लस्टर असेल तर तिन्ही ठिकाणी एकच स्नॅपशॉट फाइल वापरायची, फक्त प्रत्येकाचं नाव आणि पीअर पत्ता (मेंबर आपसांत बोलतात तो) वेगळा. रिस्टोअर चालू असताना एपीआय सर्व्हर (क्लस्टरशी होणारं सगळं बोलणं ज्यातून जातं तो) बंद हवा. क्युबॲडम या साधनानं उभारलेल्या क्लस्टरमध्ये त्यासाठी मॅनिफेस्ट्स (काय चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलींच्या) फोल्डरमधली त्याची फाइल तात्पुरती बाहेर हलवतात. नंतर एटसीडीच्या मॅनिफेस्टमध्ये नव्या डिरेक्टरीचा पत्ता लिहायचा. हे विसरलं की एटसीडी गुपचूप जुन्याच पत्त्यावर जातो, नवा डेटा उचलत नाही, आणि आपल्याला वाटतं रिस्टोअर झालं. शेवटी शेड्युलर, कंट्रोलर मॅनेजर आणि क्युबलेट हे क्लस्टरचे बाकीचे भागही रीस्टार्ट करायचे, नाहीतर ते जुन्या माहितीवर चालत राहतात.

हा सराव ऑफिसच्या चालू क्लस्टरवर करायचा नाही, आणि ऑफिसचा स्नॅपशॉट पेनड्राइव्हवर घरी तर अजिबात आणायचा नाही. एन्क्रिप्शन मुद्दाम चालू केलेलं नसेल तर त्या फाइलमध्ये कंपनीचे पासवर्ड आणि टोकन जसेच्या तसे वाचता येतात. सरावाच्या उत्साहात एखादी मुलगी हे सहज करून बसेल आणि इंटर्नशिप जाईल, म्हणून तिला हे आजच सांगा.

घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तरी पुरतो. कुबरनेटिस न लावता नुसत्या एटसीडीच्या तीन प्रोसेस एकाच मशीनवर वेगवेगळ्या पोर्टवर चालवता येतात: क्लायंटसाठी २३७९, २२३७९, ३२३७९ आणि आपसांत बोलण्यासाठी २३८०, २२३८०, ३२३८०. एखादी की (नाव आणि त्याची किंमत अशी नोंद) लिहायची, मग एक प्रोसेस मारायची: लिहिणं चालू राहतं. दुसरी मारली की लिहिणं थांबतं, नेहमीचं वाचणंही थांबतं, कारण तिघांपैकी दोघांचं बहुमत उरलेलं नाही. त्याच वेळी कन्सिस्टन्सीचा पर्याय एस देऊन, म्हणजे बाकीच्यांना न विचारता, वाचलं तर उरलेला मेंबर उत्तर देतो, पण ते शिळं असू शकतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मेंबर चार केले तरी सुरक्षितता का वाढत नाही ते कळतं: चारांत बहुमताला तीन लागतात, म्हणजे तिथेही एकच मेंबर पडलेला चालतो. दोन पडलेले चालायला हवे असतील तर पाच मेंबर लागतात. मेलेला मेंबर बदलताना आधी तो काढायचा, मग नवा जोडायचा. हा क्रम पाठ असावा.

दुसरा सराव जागा भरण्याचा. एटसीडीच्या डेटाबेसच्या आकाराची मर्यादा मुळात २ जीबी असते. सरावापुरती ती अगदी लहान ठेवून डेटाबेस मुद्दाम भरायचा. नोस्पेस (जागा संपली) अलार्म लागतो, वाचणं चालतं, नवं काही लिहिता येत नाही. इथे नवखे कीज डिलीट करतात आणि फाइल तेवढीच कशी म्हणून गोंधळतात. आधी कीजच्या जुन्या आवृत्त्या कॉम्पॅक्ट करायच्या (काढून टाकायच्या), मग एकेका मेंबरला डीफ्रॅग द्यायचा, म्हणजे फाइलमधली मोकळी जागा परत मिळते, सगळ्यांना एकदम नाही, कारण डीफ्रॅग चालू असताना तो मेंबर उत्तर देत नाही. लीडर (सगळं लिहिणं ज्याच्यामार्फत होतं तो मेंबर) शेवटी. आणि अलार्म हातानं काढावा लागतो. तो आपोआप जात नाही. हे नोंदवून गिटहबवर ठेवलं तर इंटरव्ह्यूत ते सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या तयार कुबरनेटिस सेवेत एटसीडी त्या कंपन्याच सांभाळतात, ग्राहकाला तिथे हात लावता येत नाही. हे कसब कामी येतं ते स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये क्लस्टर चालवणाऱ्यांकडे. म्हणून सोबत लिनक्स, नेटवर्किंग, टीएलएस सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारी) आणि डिस्क यांची माहिती हवीच. डिस्क विशेष करून: मंद डिस्कवर एटसीडीचा लीडर सारखा बदलत राहतो आणि लोक नेटवर्कला दोष देत बसतात.

क्लासची फी आत्ता भरू नका. पैसे खर्चायचेच तर आधी रॅम १६ जीबी करा, म्हणजे क्युबॲडमचा खरा क्लस्टर घरीच उभा करता येईल. दोनतीन महिने हाताने काम केल्यावर सीकेए या कुबरनेटिस ॲडमिनिस्ट्रेटरच्या परीक्षेचा विचार करा. ती दोन तासांची आणि टर्मिनलवर प्रत्यक्ष काम करून द्यायची असते, त्यामुळे पाठांतर करून घेणारे क्लास तिथे उपयोगी पडत नाहीत.

रात्रपाळीचं खरं आहे, पण पूर्ण नाही. या कामात बहुधा ऑन-कॉल असतो: आठवडाभर फोन आपल्याकडे, अलार्म वाजला तर उठायचं. पुष्कळदा ते घरूनच होतं. ऑफिसात रात्री थांबावं लागणार असेल, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाला करावी लागते. नोकरी मिहानमध्ये लागली आणि तिथून मानेवाड्यापर्यंत यायचं तर हे ऑफर लेटर घेतानाच लेखी विचारून घ्या. ऑन-कॉल किती जणांत फिरतो आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, हेही तिला विचारू द्या.