विहिरीत उतरलेला युरिया

बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "सर, जलप्रदूषणावर शेतीशाळा घ्यायला सांगितलीय आणि एक माणूस यायचा नाही." नाहीच यायचा. डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, सोडून प्रदूषणाचं भाषण ऐकायला मीसुद्धा आलो नसतो. फळ्यावरचं नाव बदल. लिही, 'तुमच्या विहिरीत किती युरिया आहे?' आणि मग बघ.

हे गंमत म्हणून सांगत नाही. समज, एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट निघालं. युरियाचं मातीत शेवटी हेच होतं. त्यात निव्वळ नत्र, म्हणजे नायट्रोजन, साडेबावीस मिलिग्रॅमच्या आसपास. हेच पाणी एकरभर गव्हाला मोकाट दिलं, दोन इंच धर, तर दोन लाख लिटर पाणी रानात गेलं. म्हणजे साडेचार किलो नत्र, युरियाच्या हिशेबात दहा किलो. अशी पाच पाणी दिली की पन्नास किलो. ४५ किलोच्या बॅगेपेक्षा जास्त! हा हिशेब फळ्यावर सावकाश मांड, बेरीज त्यांच्यातल्याच कुणाकडून करून घे. पैसे आपलेच होते, आपल्याच विहिरीत गेले, हे एकदा माणसाला दिसलं की पुढचं बोलणं सोपं जातं. सगळीच्या सगळी बॅग कमी करा असं मात्र सांगू नकोस. मोकाट पाण्याबरोबर यातला काही भाग पुन्हा खाली जातो. अर्धी बॅग कमी करून एका पट्ट्यात बघा म्हण.

दोष सगळा उसाच्या पट्ट्यावर ढकलायची आपल्याकडे सवय आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटचे देशातले सर्वांत वाईट पंधरा जिल्हे दिलेत. त्यातले सात आपल्या राज्यातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव. बहुतेक कापूस-सोयाबीनचा मुलूख. म्हणजे आपणच.

हे होतं कसं, तेवढं नीट समजून घे, कारण प्रश्न विचारतील. युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार, काळ्या मातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, मग माती त्याला थारा देत नाही. त्यावेळी मुळांनी उचललं तर ठीक, नाहीतर पुढच्या मोठ्या पावसात ते पाण्यासोबत खाली. आणि आपल्याकडे खाली काय आहे? हलक्या रानात वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली फुटलेला काळा पाषाण. भेगांतून पाणी सरळ विहिरीत उतरतं. बोअर खोल आहे एवढ्यावरही विसंबू नकोस. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, आखूड असेल तर वरचं पाणी बोअरमध्येही झिरपतं.

आता माझी एक चूक सांगतो. पाणी तपासणीचं नवं खूळ डोक्यात होतं तेव्हाची गोष्ट. एका गावाच्या सार्वजनिक विहिरीचा अहवाल आला, नायट्रेटपुढे १८. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. मी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, पाणी उत्तम आहे, बिनधास्त प्या. दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा हातात आला आणि रकान्याचं नाव पहिल्यांदा पूर्ण वाचलं: 'नायट्रेट, नायट्रोजन म्हणून'. त्या मोजणीत मर्यादा १० च्या आसपास असते. त्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की आपलं नेहमीचं नायट्रेट मिळतं. अठराचे झाले ऐंशी! गावात परत जाऊन सांगायला लाज वाटली, पण गेलो. विहिरीवर एक आजी पाणी भरत होती. तिनं ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं आणि म्हणाली, "पाणी तं गोड हाये, सायेब. तुमच्या बाटलीतच काई गडबड असन."

तिचं काय चुकलं? नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. काचेसारखं स्वच्छ पाणी वाईट आहे हे तिनं का मानावं? त्यातून आपण वर्षानुवर्षं शिकवलंय, पाणी उकळून प्या, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. जंतूंसाठी ते बरोबरच. पण नायट्रेट ना उकळून जातं ना टीसीएलनं ना तुरटीनं. उकळल्यावर पाणी आटतं आणि उरलेल्यात नायट्रेट आणखी दाट होतं. आरओनं ते निघतं, पण त्यातलं टाकाऊ पाणी पुन्हा विहिरीशेजारीच सोडलेलं मी पाहिलंय.

म्हणून अंगणवाडी ताईला सोबत घे. धोका सर्वांत जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, त्यातही पावडरचं दूध बाटलीनं पाजतात त्याला. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर दिसू लागतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी शेतातल्या विहिरींचं पाणी आणि अशी निळी पडलेली बाळं यांचा संबंध पहिल्यांदा मांडला. बाळाची आजी काळजीनं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळते आणि त्यातच पावडर कालवते. तिला रागावू नकोस. आईचं दूध चालू ठेवायला सांग, आणि पावडर द्यावीच लागत असेल तर तपासलेलं दुसरं पाणी कुठून मिळेल ते तिथल्या तिथे ठरवून दे.

शेतकऱ्याकडे जाताना मात्र बाळाची भीती घालायची नाही. तिथे पीक बोललं पाहिजे. सोयाबीन पिवळं पडलं की माणूस कृषी केंद्रात पळतो आणि युरियाची बॅग घेऊन येतो. २६६ रुपये ५० पैशांत दुसरं काय मिळतं? तू त्याच्याबरोबर पिकाच्या तासात, ओळीत, बस. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, तिथे युरिया वाया. पाणी साचलं असेल तर चर काढायला लाव. मग एक झाड अलगद उपट, मुळावरची गाठ नखानं फोड. आत गुलाबी-लालसर दिसली तर झाड स्वतःचं नत्र स्वतः कमावतंय. ही गाठ मी शेकडो जणांना दाखवली असेल, दर वेळी माणूस दुसरी गाठ स्वतःच्या नखानं फोडून बघतो. त्यानंतर तो बॅग घेताना निदान थांबतो तरी.

कपाशीचं वेगळं. पहिल्या महिन्यात पऱ्हाटी वीत-दीड वीत, तिची भूक ती किती? खरी भूक पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्यावर. पण आपण काय करतो? 'पाणी येऊन राहिलं' म्हणून आभाळ बघून युरिया फेकतो. मीही पंधरा वर्षं तेच सांगत होतो, लपवत नाही. झड लागली की तो युरिया मुरमात. उघड्यावर पडून राहिला आणि ऊन तापलं तर हवेत. पाऊस उघडून वाफसा आला की दोन-तीन हप्त्यांत, झाडाच्या बाजूला द्यायचा आणि डवऱ्यानं लगेच मातीआड करायचा. यात नवीन काही नाही, म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. फक्त मजुरी लागते, आणि मजूर मिळत नाही. हे त्यांनी तोंडावर सांगितलं तर मान्य कर, वाद घालू नकोस.

आणखी एक. सगळं नायट्रेट युरियाचं नसतं. विहिरीवर गेलीस की आधी चारी बाजूंना वीस-पंचवीस पावलं चाल. उकिरडा कुठे आहे, गोठ्याचं मूत कुठे वाहतं, संडासाचा खड्डा किती जवळ आहे, बघ. अहवालात नायट्रेटबरोबर क्लोराइडही (मिठातला घटक, मलमूत्रातूनही येतो) चढलेलं असेल तर संशय तिकडेच घे. ज्याच्या विहिरीला उकिरडा टेकलाय त्याला खतावर व्याख्यान दिलंस तर तो ऐकून घेईल आणि संध्याकाळी पारावर तुझी नक्कल करेल.

नमुना घेताना मोटर दहा मिनिटं चालू दे, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळ, काठोकाठ भर, बर्फाच्या डब्यात ठेव आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचव. एसटीच्या टपावर तापलेल्या बाटलीच्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, त्याच विहिरीचं पाणी घे. एका वर्षात आकडा उतरला नाही म्हणून खचू नकोस. मुरमात आधी उतरलेलं नत्र काही वर्षं विहिरीत येतच राहतं.

काकू विचारतात, जेवणाची सोय लागली का. कळव.

तुझा,
सर

ता. क. : ग्रामपंचायतीतलं तपासणी किट वापरण्याआधी त्यातल्या पुडीवरची मुदत बघ. माझ्या वेळेला एक किट दीड वर्षापूर्वीच बाद झालेलं निघालं होतं, आणि जलसुरक्षक मोठ्या अभिमानानं सांगत होता, "सायेब, आपल्या गावात नायट्रेट शून्य."