शेजाऱ्यांचा कुत्रा मुलाला चावला. कुत्र्याला लस दिली आहे म्हणतात, तरी इंजेक्शन घ्यायचं का? आणि शेजाऱ्यांशी कसं बोलायचं?

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी शेजाऱ्यांचा कुत्रा तुमच्या सहा वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावला, थोडं रक्त आलं. शेजारी म्हणतात, कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात. घरचे म्हणतात, इंजेक्शनासाठी धावपळ केली तर शेजाऱ्यांवर विश्वास नाही असं दिसेल. आधी उत्तर देते: हो, रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं, आणि आजच. उरलेलं इस्पितळाच्या बाकावर बसून वाचलंत तरी चालेल.

निघण्याआधी जखम पुन्हा धुवा. काल धुतली असली तरीही. वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ समोर ठेवून 15 मिनिटं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने मोडतं. पाण्याने विषाणू वाहून जातो. नंतर घरात बीटाडीन असेल तर लावा. बाकी काही नको. हळद नको, चुना नको, मिरचीपूड नको, झाडपाला नको, पट्टीही नको.

हे मी इतक्या ठासून सांगते, कारण आमच्याकडे यातलं बहुतेक सगळं चुकलं होतं. आम्ही गोव्यात, डिचोली तालुक्यात राहतो. तीन वर्षांपूर्वी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पावसाची सर थांबली म्हणून माझी पाच वर्षांची मुलगी अंगणात खेळायला गेली. चेंडू शेजारच्या काकांच्या पडवीत गेला. तिथे त्यांची कुत्री पोत्यावर पिल्लांना घेऊन पडली होती. एरवी अगदी गरीब जनावर, माझ्या हातची भाकरी खाणारं. पिल्लांजवळ कुणी आलेलं तिला सोसलं नाही. मुलगी रडत आली तेव्हा पोटरीवर दोन दातांच्या खुणा होत्या. मी नळाखाली पाय धरला, दोन मिनिटंही झाली नसतील, तोवर सासूबाई हळदीची वाटी घेऊन आल्या आणि मी ती लावू दिली.

मग जवळच्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "ओळखीचंच कुत्रं ना? धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, पुरे." आम्ही खूश होऊन घरी आलो. माझी जाऊ नर्स आहे. रात्री तिला सहज फोनवर सांगितलं तर ती पलीकडून ओरडलीच, "वैनी, आत्ताच्या आत्ता डिचोलीला जा. धनुर्वात वेगळा, रेबीज वेगळा."

सामाजिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ धुतलं?" मी गप्प. त्यांनी हळद काढून जखम पुन्हा धुवायला लावली, पूर्ण 15 मिनिटं. दुसरी गोष्ट त्यांनी केली ती मला अजून आठवते. मुलीचे सगळे कपडे काढून तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मधे दाताची आणखी एक बारीक खूण निघाली. आम्ही तीन तास पोटरीच बघत होतो आणि तिने भीतीने मूठ मिटून घेतली होती. तुमच्याही मुलाचं सगळं अंग बघा, विशेषतः हात, मान आणि केसांखालचं डोकं. बोटांत आणि चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असतं. विषाणू नसांवाटेच मेंदूकडे चढतो, म्हणून तिथली लहानशी जखमही मोठी धरतात.

डॉक्टर जखमेचे तीन वर्ग करतात. कातडी न फाटता कुत्र्याने नुसतं चाटलं तो पहिला, त्यात धुण्यापलीकडे काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला तो दुसरा, त्यात लस. दात कातडीच्या आत गेला, रक्त आलं, किंवा फाटलेल्या कातडीला, तोंडाला, डोळ्याला लाळ लागली तो तिसरा. तिसऱ्यात लस आणि सीरम (विषाणूला लगेच अडवणारं तयार औषध) दोन्ही. तुम्ही रक्त आलं म्हणता, म्हणजे तुमचा मुलगा तिसऱ्यात बसतो. सीरमबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांची राखण सीरम करतं, आणि ते जखमेच्या आत व भोवतीच टोचतात. मात्रा वजनावर ठरते. घोड्यापासून केलेलं सीरम किलोमागे 40 युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं किलोमागे 20. आमची मुलगी 18 किलोची, म्हणजे 720 युनिट. वजन अंदाजाने सांगू नका, तिथेच काट्यावर करायला लावा. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं, त्यानंतर त्याचा उपयोग नाही.

आम्हाला सीरमसाठी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पाठवलं, ज्याला जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात. तुम्ही दक्षिण गोव्यात असाल तर मडगावचं जिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. जखम मोठी असेल, तोंडावर असेल तर गाडी शोधत बसू नका, 108 ला फोन करा. बोटांच्या मधे सीरम टोचताना मुलगी जी किंचाळली ती किंकाळी मी विसरलेले नाही. त्या वेळी मुलाला मांडीवर घट्ट धरणारं कुणीतरी हवं. वडील असोत, आजी असो, ज्याचा हात थरथरत नाही ते. जखम उघडी दिसते म्हणून टाके घालायचा आग्रह धरू नका. टाके फारच गरजेचे असले तर सीरम दिल्यावर, तेही सैल घालतात.

सासूबाईंची भीती वेगळीच होती: पोटात चौदा इंजेक्शनं. त्यांच्या लहानपणी ते खरंच होतं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात वीसेक वर्षांपूर्वी बंद झाली. आता सरकारी केंद्रात कातडीत देतात, दर वेळी दोन्ही दंडांवर एकेक बारीक टोचणी, आणि दिवस चार: शून्य (म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस), तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. स्नायूत देणारे शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस असे पाच डोस देतात. ज्या पद्धतीने सुरू केलं त्याच पद्धतीने पुरं करा. पथ्य काहीही नाही. आमच्या वाड्यावर कुणी म्हणालं मासे बंद, कुणी म्हणालं वांगं बंद. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरात शिजतं ते सगळं द्या.

पहिल्याच दिवशी कालनिर्णयवर चारही तारखांना लाल गोल करा. माणसं चुकतात ती शेवटच्या डोसाला. जखम तोवर भरलेली असते, मूल खेळत असतं. आमचा अठ्ठाविसावा दिवस बरोब्बर चवथीला आला. नर्सने आधीच सांगून ठेवलं होतं की सुट्टी असली तरी कॅज्युअल्टीत या. माटोळी बांधून झाली, गणपती बसला आणि नैवेद्याआधी आम्ही डिचोलीला जाऊन आलो.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. "आमच्या कुत्र्याला लस दिली आहे" हे वाक्य शेजारी खोटं बोलत नसतानाही अपुरं असतं. आमच्या काकांनी कार्ड आणून दाखवलं, मनापासून, हात जोडून. त्यावरची शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. त्यांच्या डोक्यात "लस दिली" एवढंच होतं, ती पुन्हा द्यावी लागते हे नव्हतं. कार्ड ताजं असलं तरी ती लस त्या कुत्र्याच्या अंगात नीट लागू झाली का, हे कार्डावरून कळत नाही. म्हणून कार्ड जरूर बघा, त्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, पण पहिला डोस त्यासाठी अडवू नका.

दुसरं एक वाक्य तुम्ही ऐकाल: "गोव्यात आता रेबीज उरलेला नाही." यामागे खरं काम आहे. मिशन रेबीज या संस्थेची माणसं आणि सरकार मिळून 2014 पासून गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना टोचत आली आहेत, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. मला त्याचा अभिमान आहे. पण नियंत्रित म्हणजे नाहीसा नव्हे. आमच्याकडून महाराष्ट्रातलं दोडामार्ग किती लांब? कुत्र्याला चेकनाका दिसत नाही. आणि हा रोग असा, की लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. ती दिसायला बहुतेकदा एक ते तीन महिने जातात, कधी त्याहून कमी, कधी वर्षही. त्या मधल्या काळात मूल ठणठणीत दिसतं, म्हणूनच आईबाप फसतात.

कुत्र्याचं काय करायचं? त्याला मारू देऊ नका आणि कुठे पाठवूही देऊ नका. आमच्याकडे वाड्यावरची दोन पोरं काठ्या घेऊन निघाली होती. आणि काका लाजेने कुत्रीला सत्तरी तालुक्यात भावाच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सोडायला निघाले होते. मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "काका, मी भांडायला आलेली नाही. दहा दिवस तिला इथेच बांधून ठेवा, मला रोज ती दिसायला हवी." कुत्र्याला चावतेवेळी रेबीज असला तर दहा दिवसांत तो आजारी पडतो किंवा मरतो. खाणंपिणं सोडणं, आवाज बदलणं, लाळ गळणं, मागचे पाय लुळे पडणं, कोपऱ्यात लपणं किंवा उगाच अंगावर येणं, यातलं काही दिसलं तर लगेच तुमच्या डॉक्टरांना आणि सरकारी पशुवैद्यकांना कळवा. दहा दिवसांनी कुत्रा धडधाकट असेल तर पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, आपण मनाने थांबवायचे नाहीत. आम्ही चारही घेतले.

शेजाऱ्यांशी बोलताना एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. काकींनी पहिल्याच संध्याकाळी पैशांचं विचारलं आणि मी भिडेपोटी म्हटलं, "छे छे, काही नको." लस सरकारी, फुकट. पण गाडीभाडं, औषधं, नवऱ्याची बुडलेली रोजंदारी हे सगळं नंतर अंगावर आलं, आणि एकदा नको म्हटल्यावर तोंड उघडवेना. पहिल्या दिवशी हो म्हणू नका, नाही म्हणू नका. "आधी मुलाचं बघू, मग बसून बोलू" एवढंच म्हणा. केसपेपर, बिलं, जखमेचे फोटो जपून ठेवा. केसपेपरवर कुत्रा कुणाचा, कुठे चावला हे लिहून घ्या.

मग बसून बोला, आणि ठरलेलं कागदावर लिहा: खर्च कोण देणार, कुत्रा कसा बांधणार, फाटक कधी दुरुस्त करणार. शेजाऱ्यांमध्ये कागद नको वाटतो, मला माहीत आहे. पण कागद असला की तोच विषय पुन्हा पुन्हा काढावा लागत नाही, आणि बोलणं टिकतं.

हे न मानणारे शेजारी असतील, कुत्रा आधीही कुणाला चावला असेल, किंवा ते कार्ड दाखवायला, कुत्रा बांधायला नकार देत असतील तर मी गप्प बसायला सांगणार नाही. पंचायतीत, शहरात असाल तर नगरपालिकेत, लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पोलिसांतही जाता येतं. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईसाठी दिवाणी दावा लागतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे शेजाऱ्यांना धमकी म्हणून ऐकवू नका. तुमच्या हाती काय आहे ते तुम्हाला ठाऊक असावं एवढंच.

मुलाबद्दल आणखी थोडं. "तूच काहीतरी खोडी केली असशील" असं घरात कुणालाही म्हणू देऊ नका. माझी मुलगी कितीतरी दिवस झोपेत दचकायची. सातव्या दिवसाच्या रांगेत तिला मी जोसेफ मायस्टरची गोष्ट सांगितली. आज फ्रान्समध्ये असलेल्या आल्सास भागातल्या नऊ वर्षांच्या या मुलाला कुत्रा चावला होता, आणि 1885 मध्ये लुई पाश्चर यांनी त्याला आपली लस दिली. अकरा दिवसांत तेरा इंजेक्शनं. तो वाचला, आणि मोठेपणी पाश्चर यांच्याच संस्थेत राखणदार झाला. "तेरा?" तिने बोटं मोजली आणि स्वतःच दंड पुढे केला.

कुत्र्याजवळ जायची मी तिला कधी सक्ती केली नाही. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जायचं नाही, अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं, एवढं शिकवलं. काकांनी फाटक बसवलं आणि कुत्रीला दर वर्षी टोचून आणतात, कार्ड मला आणून दाखवतात. मुलगी आता तिसरीत आहे. त्यांच्याकडे आरतीला जाते, पण पडवीकडून जाताना अजून माझं बोट धरते.